दिवे लावून, हळू, एकामागोमाग

पाहुण्यांना गाव दाखवावं तर मीच! आमच्या अलाबामातल्या टिलमन फेरी गावात या कामात माझा हात धरणारा कुणी नाही. हे मी म्हणत नाही, आमची गावसमिती म्हणते. आता समितीत मी आणि हार्लन असे दोघेच आहोत आणि बैठकीत हार्लन बहुतेक झोपलेला असतो, ही गोष्ट वेगळी.

त्यामुळे अटलांटाच्या एका मासिकाच्या बेकबाई आमच्या गावातल्या खाण्यावर लेख लिहायला येणार असं कळलं, तेव्हा मी छातीठोकपणे सांगून टाकलं, "सगळं माझ्यावर सोडा." बाईंबरोबर मासिकाचे काही वाचकही येणार होते, आपापल्या गाड्यांनी. बेत साधा होता. आधी गाव बघायचं, मग लेमुएलच्या भट्टीवरचं डुकराचं मांस चाखायचं आणि शेवटी क्लिओ मावशीच्या खाणावळीत दुपारचं जेवण.

क्लिओ माझी सख्खी मावशी. मी लहान असतानाच आई गेली, तेव्हापासून मला हिनंच वाढवलं. तिच्या तळलेल्या चिकनची आणि पावासारख्या मऊ बिस्किटांची कीर्ती जिल्हाभर आहे, आणि तिचा धाक त्याहून लांबपर्यंत. मी पन्नाशी ओलांडलेला टकल्या माणूस, पण तिनं नुसतं "वेंडल" म्हटलं की माझे हात आपोआप खिशाबाहेर येतात. आदल्या दिवशीच तिनं मला दम भरला होता.

"पाहुण्यांदेखत माझी शोभा केलीस तर बघ."

"मी कशाला करीन मावशी?"

"मुद्दाम तू कधीच करत नाहीस. तीच तर भीती आहे."

म्हणून मी जय्यत तयारी केली. माझ्या ट्रकला कुत्र्याचा वास येतो, तेव्हा हार्लनची लांब काळी गाडी मागून घेतली. हार्लनचा धंदा अंत्यविधीचा. मयताच्या नातेवाइकांना बसवायची ही गाडी, पण आत पाय पसरून बसता येतं आणि हवा अशी गार की जुलैतही स्वेटर घालावा.

"कुणी मेलं तर लगेच परत आण हं," हार्लन म्हणाला.

"आज कोण मरतंय?" मी म्हणालो. माणसानं असं कधी बोलू नये.

बेकबाई माझ्या शेजारी बसल्या. बाकीच्यांना मी नीट ताकीद दिली. "आमच्या गावात वळणं फार आहेत, चुकाल. दिवे लावून ठेवा, हळू चालवा, एकामागोमाग या आणि मधे कुणाला घुसू देऊ नका." तुम्ही म्हणाल, यात काय चुकलं? मलाही तसंच वाटलं होतं.

आधी कचेरीचं घड्याळ दाखवलं. त्यात माझ्या जन्माआधीपासून चार वाजलेत. तेवढ्यात समोरून येणारा दुधाचा ट्रक रस्त्याच्या कडेला थांबला. ड्रायव्हर खाली उतरला आणि टोपी छातीशी धरून उभा राहिला.

"किती आदबशीर माणसं!" बेकबाई म्हणाल्या.

"पाहुण्यांचा मान राखतो आम्ही," मी म्हणालो, आणि हात हलवला. ड्रायव्हरनं मान खाली घातली.

पुढे न्हावी दुकानाबाहेर येऊन उभा. शेजारी त्याचं गिऱ्हाईक, अर्धा गाल साबणात, तोही मान खाली घालून. तेव्हा मात्र मला शंका आली. आमच्याकडे अशी टोपी पाहुण्यांसाठी कुणी काढत नाही. अंत्ययात्रा दिसली की गाडी कडेला घ्यायची आणि टोपी काढायची, मग मेलेला ओळखीचा असो वा नसो. मी स्वतः आयुष्यभर हेच करत आलोय. म्हणजे आज गावात कुणीतरी गेलंय!

मी आरशात पाहिलं आणि मला घामच फुटला. आमच्या मागे गाड्यांची रांग थेट पुलापर्यंत गेली होती. झालं! आम्ही कुणाच्या तरी अंत्ययात्रेच्या पुढ्यात घुसलो होतो. आमच्या गावात यासारखं पाप नाही. अशा माणसाला चर्चमध्ये लोक बाकावर शेजारी बसू देत नाहीत, आणि मावशी तर घरातच घेणार नाही.

यात्रा पुढे जाऊ द्यावी म्हणून मी गाडी कडेला घेतली. मागच्या सगळ्या गाड्या कडेला थांबल्या. मी निघालो. सगळ्या निघाल्या. मी नदीकाठचा सिमेंटचा मासा दाखवायला वळलो, तर सगळी रांग माझ्या मागे माशाला प्रदक्षिणा घालून आली. रांगेत सगळ्यात पुढे बसलेल्या माणसाला आपण कसली रांग नेतोय ते दिसत नाही, हेच खरं.

"हा मासा कुणी बांधला?" बेकबाईंनी विचारलं.

"हळू बोला बाई," मी म्हणालो.

लेमुएलच्या भट्टीपाशी पोचलो, तर लेमुएल एप्रन काढून रस्त्यावर उभा. हा माणूस दरवाजाएवढा. एकदा चारचौघांत मावशीच्या बिस्किटांना कोरडी म्हणाला, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. त्यानं खिडकीतून हात घालून माझा हात धरला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"धीर धर पोरा."

"कशाबद्दल?"

"सगळं गाव तुझ्या पाठीशी आहे."

"अहो पण लेमुएल, गेलंय कोण?"

"नको, नको. तुझ्या तोंडून नाव ऐकवणार नाही मला." आणि तो मांसाची भलीमोठी परात घेऊन आपल्या ट्रकमध्ये चढला, तोही रांगेत लागला. आमच्याकडे दुःखातल्या माणसाला नाव घ्यायला लावत नाहीत. रीत चांगली आहे, पण तिच्यामुळे माझा जीव टांगणीला लागला.

आता तुम्हीच हिशेब करा. लोक मला धीर देताहेत, म्हणजे गेलेलं माणूस माझं. माझं म्हणजे कोण? कुत्रा आणि मावशी. कुत्र्यासाठी न्हावी दुकानाबाहेर येत नाही.

मी गाडी सरळ खाणावळीकडे घेतली. दाराला कुलूप! नदीला पूर आला होता तेव्हासुद्धा मावशीनं खाणावळ बंद ठेवली नव्हती. तिच्या घरी फोन लावला. नुसता वाजत राहिला.

"जेवण इथेच होतं ना?" बेकबाईंनी हळूच विचारलं.

आईचा चेहरा मला आठवत नाही. ताप आला की कपाळावर ठेवलेला हात आठवतो, तो मावशीचा. शाळेत कुणी मारलं की त्याच्या घरी जाऊन त्याच्या बापाला झापणारी आठवते, तीही मावशीच. तिला इतकी वर्षं मी भ्यायलो, पण ती नसण्याची भीती कशी असते ते मला त्या कुलपापाशी कळलं. मी उघडपणे रडलो. बाईंनी आपला रुमाल दिला.

मावशीच्या घरी पोचलो आणि उरलीसुरली आशाही संपली. ओसरीवर झाकलेली भांडीच भांडी! आमच्याकडे माणूस गेलं की शेजारणी ओव्हन पेटवतात, पाद्री यायच्या आत जेवण येतं. भाजलेली मकरोनी, घेवड्याच्या शेंगा, पीचचा गोड पदार्थ, सगळं मांडलेलं होतं. इतकं अन्न येतं म्हणजे बातमी खरीच असणार. एवढ्यात हार्लन धावत आला, चांगलाच तापलेला.

"मी म्हटलं होतं ना, कुणी मेलं तर गाडी परत आण म्हणून?"

"हार्लन, तिला शेवटचं बघू दे मला. कुठे ठेवलीस?"

"मी? तूच घेऊन फिरतोयस ना तिला?"

"माझ्या गाडीत बेकबाई आहेत!"

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. हार्लन पांढराफटक पडला. मावशी वारली होती आणि वर हरवलीही होती! आता वर गेल्यावर ती मला काय म्हणेल, या विचारानं मला पुन्हा घाम फुटला. कुणीतरी माझ्या हातात भरलेलं ताट दिलं, मी ते घेऊन पायरीवर बसलो. पाहुणे मात्र दुसऱ्यांदा वाढून घेत होते.

लेमुएल ओसरीवर उभा राहिला. घसा खाकरून म्हणाला, "मंडळी, एक गोष्ट मनात सलते आहे. क्लिओची बिस्किटं कोरडी नव्हती. अलाबामात तशी बिस्किटं दुसरीकडे कुठे मिळत नाहीत. मी जळून बोललो होतो."

"पुन्हा म्हण," मागून आवाज आला.

फाटकात क्लिओ मावशी उभी होती. केस फिकट जांभळे, इतके टणक की वाऱ्यानंही हलत नव्हते. मासिकात फोटो यायचा म्हणून ती खाणावळ तासाभरासाठी बंद करून शेजारच्या गावी केस रंगवायला गेली होती. ते केस तिचे स्वतःचे नाहीत, म्हणजे रंग, हे गावात कुणाला कळू नये म्हणून कुणालाही न सांगता.

कुणाच्या तरी हातातला डाव खाली पडला. मी धावत जाऊन तिला मिठी मारली आणि पोरासारखा हमसून रडलो.

"वेंडल," ती म्हणाली, "केस." पण तिनं मला लगेच सोडलं नाही.

मग तिनं ओसरी पाहिली, झाकणं उचलली, चमचा घेतला आणि एकेक पदार्थ चाखत गेली. सगळं गाव श्वास रोखून उभं होतं.

"बटाट्याच्या कोशिंबिरीत बेदाणे कुणी घातले? मी मेले म्हणून काय वाटेल ते खपवायचं?"

तिनं फाटकाबाहेर पाहिलं. लांब काळी गाडी, मागे पाहुण्यांच्या गाड्या, त्यांच्या मागे गावाच्या. भर दुपारी सगळ्यांचे दिवे चालू होते.

"रांगेत पुढे कोण होतं?" तिनं विचारलं.

आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. अंत्ययात्रेच्या पुढे मी घुसलो नव्हतो. ती मीच काढली होती. हार्लनच्या गाडीत पुढे मी आणि खाणावळीला कुलूप, बाकीचा हिशेब गावानं स्वतःच केला होता. हार्लन माझ्यापासून दोन पावलं लांब सरकला. माझे हात खिशाबाहेर आले.

बेकबाईंनी लेख सुरेख लिहिला. टिलमन फेरीत घड्याळ बघा, मासा बघा, पण जेवायचं तर मिस क्लिओंच्या अंत्ययात्रेलाच जा, असं त्यात छापून आलं. तेव्हापासून खाणावळीत अटलांटाहून सारखे फोन येतात, पुढची कधी आहे म्हणून. मावशी फोन घेते, माझ्याकडे बघते आणि शांतपणे सांगते, "तारीख अजून ठरायची आहे. पण या वेळी वेंडलची."

ती आयुष्यात कधी विनोद करत नाही.