जमनाबाईंच्या अटींवर आलेलं बॉम्बर

जागतिक शांततेचा प्रश्न फार गुंतागुंतीचा आहे, असं जाणकार सांगतात. जालन्यात तो एका घरापुरता सुटला आणि त्यासाठी कोणत्याही परराष्ट्र मंत्रालयाला तसदी द्यावी लागली नाही. शेजारी या नात्याने (भिंत सामाईक, त्यामुळे बोलणीही सामाईक) आम्ही सर्व वाटाघाटींना हजर होतो. म्हणून ही नोंद.

आमचे शेजारी हुकमचंदजी धान्याचे व्यापारी, धर्माने जैन. त्यांचा मुलगा अर्पित सीए, निर्व्यसनी आणि अविवाहित. यातल्या शेवटच्या बाबीचं कारण असं, की तो फावल्या वेळात दुसऱ्या महायुद्धातल्या इटालियन बॉम्बर विमानांच्या प्रतिकृती बनवतो. डब्यातून प्लॅस्टिकचे सुटे भाग येतात. ते घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. इटालियनच का? तर जर्मन विमान कोणीही रंगवतो. इटालियन विमानाच्या मातकट पिवळ्या अंगावर हिरवे ठिपके असतात, एकासारखा दुसरा नाही, आणि तो ठिपका जमायला तपश्चर्या लागते. आजवर तीन स्थळांनी या तपश्चर्येची माहिती शांतपणे ऐकून घेतली आणि "नंतर कळवतो" म्हणून चहा संपवला.

यंदा अर्पितने सावोया-मार्केट्टी हे तीन इंजिनांचं, पाठीला कुबड असलेलं विमान हाती घेतलं. पंखांची लांबी सव्वा वीत. त्याच सुमारास बदनापूरच्या रितिकाचं स्थळ आलं, आणि मुलीने निरोप धाडला, "येईन तेव्हा विमान पाहायचंय." असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. "काका, हे स्थळ हातचं जायला नको," अर्पित आम्हाला म्हणाला. विमान गच्चीवरच्या खोलीतून दिवाणखान्यात आणणं भाग होतं.

दिवाणखान्याच्या बाबतीत सक्षम प्राधिकारी म्हणजे त्याच्या आजी, जमनाबाई.

"हे करतं काय?" त्यांनी विचारलं.

"बॉम्ब टाकायचं, दादी. ऐंशी वर्षांआधी."

"मंग घरात न्हाई. पाणीसुद्धा गाळून पिऊन राह्यले मी, अन् तू बॉम्ब आणून राह्यला?"

यात तर्काची चूक काढता येईना. अखेर हुकमचंदजींच्या मध्यस्थीने प्रवेश सशर्त मंजूर झाला. पोटातले बारा बॉम्ब (प्रत्येकी लवंगेएवढा) काढून जमनाबाईंच्या ताब्यात द्यावेत. मशीनगनी छाटाव्यात. वैमानिकाला बसू द्यावं, कारण "तो बिचारा नोकरीवर हाय." अष्टमी-चतुर्दशीला हिरवा रंग लावू नये. (त्या तिथींना या घरात हिरवी भाजी चिरत नाहीत. रंग म्हणजे भाजी नव्हे, हा अर्पितचा युक्तिवाद "हिरवं ते हिरवं" या कारणास्तव फेटाळण्यात आला.) दिवेलागणीनंतर ब्रश बंद, कारण उजेडाला येणारं चिलट ओल्या रंगात चिकटून मरतं. ही शेवटची अट रंगकामालाही अतिशय हितकारक ठरली, हे आम्ही नि:पक्षपणे नमूद करतो.

मशीनगनी छाटताना अर्पितच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या माहितीप्रमाणे जगातल्या कोणत्याही हवाई दलाचं इतकं निःशस्त्रीकरण इतक्या कमी चहात झालेलं नाही. पुढे विमान वाळवंटात धुळीने माखलेलं दाखवायचं होतं. त्यासाठी परदेशी लोक महागडी भुकटी मागवतात. अर्पितने रस्त्याकडची खिडकी उघडली.

ठरल्या दिवशी रितिका आई-वडिलांसोबत आली. बिनकांद्याचे पोहे बाजूला सारून ती थेट विमानापाशी गेली आणि मोबाइलचा टॉर्च लावून वाकली.

"ठिपके भारी जमलेत," ती म्हणाली. अर्पितने श्वास सोडला. मग टॉर्च विमानाच्या पोटाखाली गेला. "याच्या पोटात बॉम्ब उभे असतात ना? कुठं गेले?"

दिवाणखान्यात शांतता पसरली (जागतिक नव्हे, साधीच). खोटं बोलावं तर समोर आजी, खरं बोलावं तर विमान अर्धवट. "दादींनी काढायला लावले," तो कसाबसा म्हणाला.

"लावले," जमनाबाई म्हणाल्या. "तुला चालतंय का?"

रितिकाने टॉर्च बंद केला. "माझ्या घरी फियाटचं बॉम्बर हाय, मीच बनवलेलं. आईनं त्याचे पंखे काढून ठेवले, बोट कापंल म्हणून," ती म्हणाली. "मला चालतंय."

लग्न ठरलं. चातुर्मास संपल्यावर मुहूर्त आहे. कोणी रुसलं नाही, काही पडलं नाही, काही फुटलं नाही.

आणि वाचकहो, आता खरं सांगा, तुम्हाला थोडं चुकल्यासारखं वाटतंय. बॉम्बर म्हटल्यापासून तुम्ही कोणाच्या तरी डोक्यावर काहीतरी पडायची वाट पाहत होता. पाहुण्यांसमोर आजी भडकेल, विमान फरशीवर आपटेल, चौथं स्थळही चहा संपवून जाईल, अशी तुमची अपेक्षा होती. त्या पोराने तुमचं काहीही बिघडवलेलं नव्हतं.

ही नोंद लिहून झाल्यावर आम्ही जमनाबाईंना वाचून दाखवली आणि तुमच्याबद्दलही सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकून घेतलं.

"गजाननभाऊ," त्या म्हणाल्या, "विमान राहू द्या आत. हे वाचणारे लोक आले, तर त्यायला मातर बाहेरच बसवा."