देठाशी हुंगलेल्या कादंबऱ्या

आबा शिवलकर कादंबरी घरी नेण्याआधी हुंगत असत. नव्या कागदाचा वास घ्यायला पुष्कळ जण पुस्तक नाकाशी नेतात, तसं हे नव्हतं. आबा पुस्तक उलटं धरत, पुठ्ठा आणि पाठ जिथे जुळतात तो कोपरा नाकाजवळ आणत, डोळे मिटत आणि मागे चार माणसं ताटकळत उभी असताना सावकाश निकाल देत, "हूं. देठाशी बरी वाटत्ये. लिही माझ्या नावावर."

रत्नागिरीतल्या एका लहानशा वाचनालयात मी तेव्हा ग्रंथपाल होतो. ऐंशीनंतरची वर्षं होती. ग्रंथपाल हा शब्द भारदस्त आहे, पण सकाळी झाडू मारायलाही मीच होतो. आबा माझ्या आधीच्या ग्रंथपालांच्या वेळेपासूनचे सभासद. उभी हयात त्यांनी एका आंबा व्यापाऱ्याच्या वखारीत काढली होती. पेंढ्याच्या आढीत पिकत घातलेला आंबा उचलायचा, हुंगायचा आणि तो कुठल्या पेटीत जाणार ते ठरवायचं, एवढंच त्यांचं काम. वखार सुटली तरी नाक कामावरच राहिलं.

माझ्यासारखी माणसं कादंबरी आवडली किंवा नाही आवडली एवढंच म्हणतात. आबांचा निकाल तपशीलवार असे. मुंबईचा एक नायक खिडकीत बसून दोनशे पानं नुसता विचार करतो, अशी एक कादंबरी तेव्हा फार गाजत होती. आबांनी ती तिसऱ्या दिवशी परत आणली. "बाठा मोठा, गर नाय," म्हणाले. "आणि हा मेला जेवतो कधी? दोनशे पानांत एकदा चहा प्यायलाय, तोही गार झालेला."

ढालीतलवारींच्या जाडजूड कादंबरीबद्दल म्हणाले, "पेटी जड हाय, पण आत सगळा पेंढा." पहिल्याच पानावर नायक-नायिकेची नजरानजर झाली की ती "पावडर मारून पिकवलेली". एका नवख्या लेखकाची खेड्यातली गोष्ट मात्र त्यांनी दोनदा नेली. "रायवळ हाय ती, वसंता. धागे दातात अडकतात, पण गोडी बघ." लेखकाचा फोटो मागच्या पुठ्ठ्यावर असला तर ते पुस्तक पालथं घालत. पेटीवरचं लेबल बघून आंबा घ्यायचा नसतो, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की शेवटी मलाही फोटोवाल्या लेखकांचा संशय येऊ लागला.

पण त्यांचा सगळ्यात कडक शब्द होता 'साका'. हापूस बाहेरून केशरी, डाग नाही, वास घमघमता. आणि कापला की बाठ्याभोवती पांढरट, रबरासारखा नासका गोळा निघतो, तो साका. नाकाला कळत नाही, बोटाला कळत नाही. आबांसारख्या माणसालाही कापल्याशिवाय कळत नाही, म्हणून त्यांचा त्याच्यावर भारी राग. "चांगली चालली होती रे कादंबरी," ते हळहळत, "मध्येच साका निघाला."

हे निकाल ते पेन्सिलीने पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवत. कोवळी काढली. आढीत फार दिवस राहिली. इथवर ठीक होतं. आमचे बरेच सभासद आधी आबांचा शेरा वाचूनच पुस्तक न्यायचं की नाही ते ठरवत. भानगड झाली ती आकड्यांनी. काही पुस्तकांत शेऱ्याखाली आबांनी नुसते आकडे लिहिलेले असत: 'साका. ११२ ते ११८.'

आता शेवटच्या पानावर पेन्सिलीने पानांचे नंबर लिहिलेले असले की वाचनालयाच्या दुनियेत त्याचा अर्थ एकच. तो मी इथे सांगत नाही, कारण तुम्हाला ठाऊक आहे. सभ्य माणसांच्या आमच्या गावात आकडेवाल्या कादंबऱ्यांना अचानक मागणी आली. नातवासाठी गोष्टीची पुस्तकं न्यायला येणारे एक निवृत्त हेडमास्तर कपाटाआड जाऊन उभ्या उभ्या सात पानं वाचून आले आणि फसवणूक झाल्यासारख्या चेहऱ्याने मला म्हणाले, "अहो, या पानांत काहीच नाही! कुणाचं तरी मूल आजारी पडतं, एवढंच."

"तुम्ही काय शोधत होतात सर?" मी विचारलं. सर चष्मा पुसू लागले.

मीही एकदोन पुस्तकं चाळली. खरंच काही नव्हतं. एकीत तापाने फणफणलेली पोर आणि डॉक्टरची वाट बघणारं घर, दुसरीत विहिरीपाशी जमलेली माणसं. शिवलकर म्हातारा मुरलेला दिसतो, नंबर उलटे लिहीत असेल, असाही एक तर्क निघाला आणि लोक ११२ च्या जागी २११ वाचून पाहू लागले.

शेवटी कुणीतरी तक्रार केली. आमचे अध्यक्ष वकील होते. त्यांनी सभा घेऊन ठराव केला: आबांनी लेखी माफी मागावी, यापुढे पुस्तकात काही लिहिणार नाही असं कबूल करावं, नाहीतर सभासदत्व रद्द. जुनं लिखाण सगळं मी खोडून काढावं. ठरावाचं पत्र पोहोचवण्याचं कामही माझ्याकडेच आलं. आबा माफी मागणार नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. सभासदत्व गेलं तर या माणसाने करायचं काय, या विचाराने मला सायकल मारवेना.

भाट्ये गावाच्या वाटेवर त्यांचं कौलारू घर. दुपारची वेळ होती. आबा आत झोपले होते. त्यांची बायको, म्हणजे काकी, पडवीत बसून आमचीच एक कादंबरी वाचत होत्या. मला बघताच त्यांनी पुस्तक चटकन मिटलं.

"काय रे वसंता? पुस्तक परत मागायला आलास?"

पत्र बाहेर काढण्यावाचून इलाज नव्हता. काकींनी ते वाचलं. "आकड्यांवरून एवढं? तुमच्या अध्यक्षांना वाटलं तरी काय?"

मी अंगणातल्या माडाकडे बघत राहिलो. काकींना उमगलं आणि त्या तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की आतल्या घोरण्यात खंड पडला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ते माझ्यासाठी असतात रे. तेवढी पानं वाचू नको म्हणून."

मला काही कळेना.

"आमची कुमुद. सहा वर्षांची झालेली. तापात गेली. तुझ्या जन्माच्याही आधी असेल." त्यांनी पत्राची पुन्हा नीट घडी घातली. "मला वाचायचा नाद पहिल्यापासून. पुढच्या वर्षी एका कादंबरीत तसंच आलं. आठ दिवस मी जेवले नाय. तेव्हापासून हे आधी वाचतात, मग मला देतात. त्याच्या आधी ह्यांनी पंचांगाशिवाय काय उघडलेलं नव्हतं. पहिली कादंबरी बोट ठेवून वाचली, दोन महिने लागले. वखारीतून यायचे आणि दिव्याखाली बसायचे."

म्हणजे ते हुंगणं, तो बाठा, तो पेंढा, सगळं नंतर आलं होतं. आबा आयुष्यभर कादंबऱ्या कापून बघत होते, बायकोच्या ताटात साका जाऊ नये म्हणून. आणि आम्ही गावभर त्या आकड्यांवरून खिदळत होतो. मला माझी शरम वाटली.

"मग ती पानं तुम्ही सोडून देता?" मी विचारलं.

काकींनी दाराकडे बघितलं. "ह्यांना सांगशील?"

"नाही."

"मी आधी तीच वाचते. हे झोपले की." मिटलेल्या पुस्तकात त्यांचं बोट अजून होतं. "तेवढ्या पानांत ती असते रे. आता रडू येत नाय. पण ह्यांच्यासमोर तिचं नाव काढता येत नाय, ह्यांना सोसत नाय. मग अशी भेटते. हे नंबर घालतात म्हणून शोधत बसायला लागत नाय."

आतून खोकल्याचा आवाज आला. मी पत्र खिशात घातलं आणि चहा न घेता निघालो.

अध्यक्षांना मी सांगितलं की चौकशी केली. आकडे म्हणजे शिवणीतून सुटत आलेली पानं आहेत, बाइंडरच्या सोयीसाठी आबा लिहून ठेवतात. ते वकील असल्यामुळे पुरावा मागतील अशी भीती होती. पण आकडेवाल्या तीन पुस्तकांच्या कार्डांवर त्यांचीच सही होती आणि ती कार्डं मी सहज टेबलावर ठेवली होती. "मी तपासणीसाठीच नेली होती," ते म्हणाले. ठराव मागे घेतला गेला. शेरे मात्र मला खोडावे लागले. आकडे तेवढे राखले. आबा महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. "प्रतवारीची किंमत नाय या गावात," एवढंच म्हणत.

त्यानंतर एक दिवस आबा फार खुशीत आले. हातातली कादंबरी त्यांनी टेबलावर ठेवली. शेवटचं पान कोरं होतं.

"एक नंबर माल, वसंता! पहिल्या पानापासून शेवटपर्यंत गर. कुठे साका नाय. तिला म्हटलं, निवांत वाच, एक पान गाळायला नको."

"मग काकींना आवडली असेल."

आबांचा चेहरा जरा उतरला. "तीच तर गंमत हाय ना. दोन दिवसांत परत दिली. म्हणते, हिच्यात काय नाय. आजवर असंच बघतोय मी. चांगली निवडून न्यावी, तर हिला बेचव लागते. आणि जिच्यात नंबर घालावे लागतात, ती मात्र आठ आठ दिवस सोडत नाय."

मी कार्डावर तारीख टाकत राहिलो. मान वर करायचं धाडस झालं नाही. मग उठून कपाटातून एक कादंबरी काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. ती मी आदल्या आठवड्यात स्वतः वाचली होती. नव्वदाव्या पानापासून पुढे एक लहान मुलगी होती.

आबांनी ती उलटी धरली, कोपरा नाकाशी नेला, डोळे मिटले.

"बरी वाटत्ये देठाशी," ते म्हणाले. "लिही."