आधारकार्डावरचं टक्कल

कापसाची मूठ हातात घेतली की भाव चढणार का पडणार, हे मी डोळे मिटून सांगू शकतो. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये सतरा वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला क्रिप्टो ते काय कठीण! तिथे कापूसच नाही. ओलावा नाही, किडक्या बोंडाची कवडी नाही, काटा मारणारा दलाल नाही. नुसता भाव. म्हणजे अर्धा अभ्यास कमीच.

अडचण एकच होती. काही वर्षांपूर्वी मी एक अख्खा पगार सट्ट्याच्या आकड्यावर उडवला होता. तेव्हा आईने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली होती. "पुन्हा सट्टा खेळला तं माह्यं मेलेलं तोंड पाह्यशीन."

आता क्रिप्टो म्हणजे सट्टा नव्हे, हे मला पटलेलं होतं. मला या वाटेला लावणारा जिनिंगमधला हेमराज, त्यालाही पटलेलं होतं. आईला पटवण्यापेक्षा ती पुलगावला माझ्या ताईकडे गेलेली असताना काम उरकणं सोपं, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

ॲप घेतलं. पॅन भरला, आधार भरलं. ॲप म्हणालं, चेहरा दाखवा. दाखवला. डोळे मिचकावा. मिचकावले. मान डावीकडे, मान उजवीकडे, जरा हसा. सगळं केलं. ॲप म्हणालं, चेहरा जुळत नाही.

त्याचं बरोबरच होतं. आमच्या वॉर्डात आधारचं शिबिर आलं ते नेमकं बाबांच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी. कार्डावर माझं डोकं तुळतुळीत, मिशी साफ, डोळे रडून सुजलेले. कालच जेलमधून सुटलेला माणूस वाटतो. आता डोक्यावर दाट केस आणि ओठांवर झुपकेदार मिशी.

"आधारवरचा फोटो बदलून घेऊ का?" मी हेमराजला विचारलं.

"त्याले पंधरा दिवस लागते, भाऊ. तोवर भाव कुठल्या कुठं जाईन. कार्ड बदलत नाई तं तोंडच बदला."

तो हसत म्हणाला. मी मनावर घेतलं.

प्रेमदासच्या सलूनमध्ये जाऊन खुर्चीत बसलो. "पूर्ण काढ. मिशीसुद्धा."

प्रेमदासची कैची हवेतच थांबली. त्याने आधी टीव्ही बंद केला. मग त्याने इतक्या मायेने माझं डोकं उतरवलं की मला झोप यायला लागली. पैसे काढले तर त्याने हात जोडले.

"अशा टायमाले पैसे घेत असते का, भाऊ?"

मी खूश. कॉइन घ्यायच्या आधीच नफा सुरू झाला होता.

घरी कोणी नव्हतं. मी मोबाइलसमोर बसलो आणि पहिल्याच झटक्यात चेहरा जुळला. हिरवी खूण आली. पाच हजारांचं कॉइन घेतलं आणि तेवढ्यात दार वाजलं.

दारात शेजारचे रूपराव, खांद्यावर दुपट्टा. मागे जिनिंगमधले सात-आठ जण. रूपरावांनी मला छातीशी धरलं.

"लय चांगली बाई होती रे, योगेंद्र."

"कोण?"

"पाह्यलं?" ते मागच्यांना म्हणाले. "धक्का बसला पोराले."

तेव्हा माझ्या उघड्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे माणूस डोकं आणि मिशी एकदम उतरवतो ते आईबापासाठी. बाबा तर केव्हाच गेले. उरली कोण?

खरं सांगायला मी तोंड उघडलं. पण खरं सांगायचं म्हणजे क्रिप्टो सांगायचं, आणि ते संध्याकाळच्या आत पुलगावला पोचलं असतं. मी तोंड मिटलं. त्या एवढ्याशा वेळात आणखी तिघांनी मला मिठी मारली. शेजारची भावना पिठलं-भाकरी झाकून घेऊन आली. मालकांनी जिनिंग दुपारपासून बंद ठेवल्याचा निरोप आला. रूपरावांनी बांबू आणायला माणूस पाठवला.

माझी बायको रुचिका अंगणवाडीतून परतली, तिने अंगणातली गर्दी पाहिली, माझं डोकं पाहिलं आणि मटकन खाली बसली.

"आज सकाळीच भांडली मी त्यांच्याशी फोनवर. लोणच्यावरून. आता कोणाशी भांडू?"

तिचं रडणं बघवेना. मी तिला आत नेलं. "आईले काही झालं नाई."

"मंग टक्कल काऊन केलं?"

"सांगतो. पहिले आईले फोन लाव."

आईचा फोन बंद. ताईचा वाजत राहिला, कोणी उचलेना. पुन्हा लावला. पुन्हा तेच. पाचव्यांदा लावताना आईचे शब्द आठवले. मेलेलं तोंड पाह्यशीन. शपथ मोडून नीट दोन तासही झाले नव्हते.

मी ओसरीवर आलो आणि भोकाड पसरलं. इतकं मनापासून रडलो की रूपरावांनाही बरं वाटलं. "मोकळा होऊ द्या त्याले," ते म्हणाले.

चार वाजता ऑटो थांबला आणि त्यातून आई उतरली. मागून ताई. प्रेमदासचा साडू पुलगावला ताईच्याच गल्लीत राहतो. त्याने फक्त 'योगेंद्रनं डोकं उतरवलं' एवढंच सांगितलं होतं. आईच्या मोबाइलला नेहमीप्रमाणे चार्जिंग नव्हतं, आणि काय ऐकावं लागेल या भीतीने ताईने वाटेत फोन उचललाच नाही.

रूपरावांनी हातातला बांबू हळूच पाठीमागे नेला.

"कोण गेलं रे, योग्या?" आईने रडत विचारलं.

"तूच," मी म्हणालो. "तूच गेलती."

आणि तिच्या पायावर डोकं ठेवून सगळं ओकलो. ॲप, कार्ड, हेमराज, शपथ. आई ऐकत राहिली. माझ्या टकलावरून तिने दोनदा हात फिरवला. तिसऱ्यांदा चापट मारली. ती प्रेमदासच्या दुकानापर्यंत ऐकू गेली असावी.

मग ती ओसरीवर बसली, स्वतःच्याच मरणाची पिठलं-भाकरी समोर ओढली आणि विचारलं, "सून रडली का?"

"सगळ्यात जास्त."

"सांग तिले, लोणचं तिचंच चांगलं आहे." एक घास खाऊन तिने माझा हात पुन्हा आपल्या डोक्यावर ठेवला. "आता आयक. हे टक्कल फुकट गेलं. पुढचं मी गेल्यावरच. मधात वस्तरा लावला तं पाह्य."

या गोष्टीला चार महिने झाले. केस पूर्ण आले, मिशीही आली, भाव मात्र अर्ध्यावर आला. कॉइन विकायला गेलो तर ॲप म्हणालं, चेहरा जुळत नाही. कस्टमर केअरच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की खातं उघडताना जो चेहरा होता तोच लागेल, सर.

"एकडाव बसा ना प्रेमदासपुढं," हेमराज म्हणतो. बसतो कसा? शपथ आहे. या वेळी मोडायची माझी छाती नाही.

आईला हे सांगितलं तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हल्ली रोज सकाळी चहा पिताना विचारते, "काय भाव आहे रे आज?"

"आणखी पडला."

"पडू दे," ती बशीत चहा ओतत म्हणते. "मले काही घाई नाई."