तलावावरचे जेठ

सुलक्षणाने घरात तीनदा बजावून सांगितलं होतं की रविवारी पहाटे तलावावर ती एकटी जाणार आहे. रविवारी पहाटे साडेपाचला गाडीत चार जण होते.

पुढे प्रेमराज गाडी चालवत होता. त्याच्या शेजारी सासूबाई, म्हणजे प्रमिलाबाई, मांडीवर चहाचा थर्मास आणि डब्यात दशम्या घेऊन बसल्या होत्या. मागे सुलक्षणा, आणि तिला टेकून चार वर्षांची मुक्ता, अंगात नारिंगी लाइफ जॅकेट. ते सुलक्षणाने घरूनच घालून आणलं होतं. मुक्ता पाण्यात उतरणार नव्हती, हा मुद्दा प्रेमराजने जिन्यातच मांडला होता. त्यावर सुलक्षणाने जॅकेटचा पट्टा आणखी आवळला होता.

तिला राग आला होता, पण तो आजचा नव्हता. चाळीसगावच्या एका कॉलेजात तिला शिकवायची नोकरी मिळाली होती. सकाळची सातची गाडी, संध्याकाळी परत. उद्या, सोमवारी रुजू व्हायचं, नाहीतर जमत नाही म्हणून कळवायचं. प्रश्न एकच होता, मुक्ताकडे कोण बघणार. प्रेमराजचं उत्तरही एकच होतं, “आम्ही आहोत ना.” या ‘आम्ही आहोत ना’चा सुलक्षणाला चार वर्षांचा अनुभव होता. हे दोघं असतानाच मुक्ताच्या नाकात हरभरा गेला होता. हे दोघं असतानाच ती एका हळदीच्या मांडवात राहून गेली होती, कारण ती आजीच्या गाडीत आहे असं पप्पांना वाटलं आणि पप्पांच्या गाडीत आहे असं आजीला.

म्हणून तिने परीक्षा ठरवली. मेहरूण तलावावर नुकतीच कुणीतरी पॅडलबोर्डची सूर्योदय सफर सुरू केली होती. लांबलचक फळीवर उभं राहायचं, हातात वल्हं, सोबत मार्गदर्शक, काठाकाठाने नव्वद मिनिटं. पाण्यातून धावत येता येत नाही, हाच त्यातला मोठा गुण. त्या नव्वद मिनिटांत तिने मागे वळून बघायचं नाही आणि प्रेमराजने मुक्तावरची नजर काढायची नाही. जमलं तर उद्या चाळीसगाव. नाही जमलं तर नकाराचं पत्र, आणि पुढची दहा वर्षं ती कुणाशी नीट बोलणार नाही. हे शेवटचं ती मोठ्याने म्हणाली नव्हती. खरं म्हणजे मुक्ताला घेऊन प्रेमराजने घरीच थांबायचं ठरलं होतं. पण रात्री त्याला वाटलं की घरी काय आणि काठावर काय, आणि आईलाही जरा हवापालट.

मार्गदर्शक काठावर उभाच होता. पस्तिशी ओलांडलेला, काळासावळा, अंगात घट्ट बनियन, गळ्यात शिट्टी. नाव चुडामण. गोव्यात तीन वर्षं हेच काम करून आला होता. बाकीच्यांनी थंडीमुळे येणं रद्द केलं होतं, त्यामुळे आज एकटी सुलक्षणाच. पहिली पाच मिनिटं त्याने फार छान शिकवलं. फळीच्या मधोमध गुडघ्यांवर बसायचं, दोन्ही हातांनी कडा धरायच्या, हलायचं नाही. मग एक पाय, मग दुसरा. नजर समोर. मुक्ता शेजारी उकिडवी बसून ऐकत होती. किती दिवसांनी कुणीतरी आपल्याला काहीतरी सरळ सांगतंय, असं सुलक्षणाला वाटलं.

तेवढ्यात प्रमिलाबाई थर्मासचं झाकण लावत पुढे आल्या.

“भाऊ, तू कोना आंडोर? तुन्ही बोलानी ढब आमनाकडली शे.”

कुणाचा मुलगा, ते त्याने सांगितलं. तो शिंदखेड्याकडला होता. गाव विचारलं, तर गाव प्रेमराजचंच. आडनाव तेच. आजोबांचं नाव त्याने सांगितलं तेव्हा हरवलेली म्हैस दारात येऊन उभी राहावी तसा प्रमिलाबाईंचा चेहरा झाला. त्यांनी बोटांवर पिढ्या मोजल्या. मग चुडामणचं वय विचारलं. ते प्रेमराजपेक्षा तीन वर्षांनी जास्त निघालं.

“म्हंजे तू प्रेमराजना मोठा भाऊ. ओ माय, सुलक्षणा, जेठ शेतस तुन्हा.”

सुलक्षणाच्या जॅकेटचा पट्टा ओढून बघणारा चुडामणचा हात तापल्या तव्याला लागल्यासारखा मागे गेला. तो दोन पावलं सरकला आणि शेजारच्या लिंबाच्या झाडाकडे बघू लागला.

त्यांच्या भावकीत सून जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, डोक्यावर पदर घेते, त्याच्याशी तोंडावर बोलत नाही आणि काही झालं तरी त्याचं नाव घेत नाही. जेठही तिला थेट काही सांगत नाही, मध्ये कुणीतरी लागतं. सुलक्षणाला आजवर याचा त्रास नव्हता, कारण जेठ भेटायचे ते लग्नात, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला. तोल सांभाळायला शिकवणारा जेठ तिला पहिल्यांदाच मिळाला होता. प्रमिलाबाईंनी आपली शाल तिच्या टोपीवरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारली. “वारा लागस,” त्या म्हणाल्या. वारा कुणाला लागत होता ते सगळ्यांना कळत होतं.

“त्यांना सांग,” चुडामण लिंबाकडे बघत प्रेमराजला म्हणाला, “पायाचा पट्टा उजव्या पायाला बांधायचा.”

“सुलक्षणा, उजव्या पायाला,” प्रेमराज म्हणाला. ती दीड हातावर उभी होती. मग त्याने स्वतः वाकून तो डाव्या पायाला बांधला.

पाण्यात गेल्यावर गोष्ट आणखी बिघडली. चुडामण आपल्या फळीवरून दहा-पंधरा हात पुढे, तिच्याकडे पाठ करून चालला होता. शिकवायचं तर होतं, पण सांगायचं कुणाला. म्हणून तो समोरच्या पाण्याला सांगू लागला. उजवीकडे वल्हं मारलं की फळी डावीकडे जाते, असं म्हणतात. घाईने उठणारा माणूस पडतो, असं अनुभवी लोक सांगतात. अर्धं वाऱ्यावर जात होतं. सुलक्षणाने चिडून विचारलं, “काय म्हणालात?” भावजय थेट बोलल्याबरोबर चुडामण भेदरला आणि आणखी वीस हात पुढे निघून गेला.

तिथून त्याने काठावर प्रेमराजला फोन लावला. प्रेमराजने सुलक्षणाला लावला. तिच्या गळ्यातल्या प्लॅस्टिकच्या पाकिटात फोन वाजू लागला.

“दादा म्हणतात, गुडघे वाकव.”

“मी गुडघ्यांवरच बसलेय.”

“थांब, विचारतो.”

उत्तर येईपर्यंत वाऱ्याने तिची फळी फिरवली. मग निरोप आला की आता समोर बघ, सूर्य उगवतोय. समोर महापालिकेची पाण्याची टाकी होती. सूर्य तिच्या पाठीमागे उगवला आणि ज्यांना कुणाला बघायचा होता त्यांनी तो बघितला. मुक्ता काय करतेय, हे तिने एवढ्यात दोनदा विचारलं. दोन्ही वेळा प्रेमराज म्हणाला, “आहे ना. तू मागे बघायचं नाही, ठरलंय.”

मग फळी जलपर्णीत घुसली आणि अडकली. वल्हं मारलं की नुसता हिरवा चिखल वर येत होता. एरवी चुडामणने फळीच्या टोकाची दोरी धरून दोन मिनिटांत तिला ओढून बाहेर काढलं असतं. पण भावजयीला दोरीने ओढत न्यायचं, तेही तिची सासू काठावर बसलेली असताना, हे त्याला काही झेपेना. तो तिला वळसा घालून, मान खाली घालून काठाला गेला. तिला वाटलं प्रेमराजला आणायला गेला असेल. प्रत्यक्षात तो एका आशेवर गेला होता. आपले आजोबा भावकीतच दुसऱ्या घरी दत्तक गेले होते, असं त्याला अंधुक आठवत होतं. मग नातं कदाचित वेगळं निघेल, आणि निघालं तर ओढता येईल. हे नक्की सांगू शकणारा माणूस गावात एकच, नव्वदीचे उखर्डू आबा. प्रेमराजने आबांना फोन लावला. आबांना कमी ऐकू यायचं, म्हणून स्पीकर सुरू केला आणि तिघं त्या फोनवर वाकले. प्रमिलाबाई आणि प्रेमराज सोयीने पाण्याकडे पाठ करून बसले होते. चुडामणने पाठ मुद्दाम केली होती.

सुलक्षणाने शब्द पाळला होता. पाऊण तास तिने मागे पाहिलं नव्हतं. पण जलपर्णीत रुतलेली फळी वाऱ्याने हळूहळू फिरली आणि तिला काठासमोर आणून थांबली.

तिने आधी नेहमीप्रमाणे नारिंगी रंग शोधला. तिघांच्या जवळ नव्हता. थर्मासपाशी नव्हता. काठाला एक जादा फळी अर्धी पाण्यात ठेवलेली होती. ती आता पूर्ण पाण्यात होती, काठापासून आठ-दहा हात आत, आणि नारिंगी रंग तिच्यावर होता.

तिने प्रेमराजला फोन लावला. तो व्यस्त होता. मग ती ओरडली, “मुक्ताऽ.” प्रेमराजने मागे न वळता हात वर केला आणि अंगठा दाखवला. मुक्ता ठीक आहे, मागे बघू नकोस, असा त्याचा अर्थ. “प्रेमराजऽ,” ती ओरडली. नवऱ्याला नावाने हाक मारायची सवय घराने दोन वर्षांपूर्वी नाइलाजाने पचवली होती, त्यामुळे कुणी हललं नाही. आई म्हणून ओरडली, बायको म्हणून ओरडली, आणि तिन्ही पाठी तशाच. नारिंगी रंग आणखी दोन हात आत आला.

तेव्हा तिच्या डोक्यात जे काही इतकी वर्षं शिजत होतं ते उतू गेलं.

“चुडामणऽ.”

तिन्ही डोकी एका झटक्यात वळली. फोनसुद्धा गप्प झाला. मग त्यातून आबांचा आवाज आला, “कोनी नाव लिधं रे?”

उत्तर द्यायला ती थांबली नव्हती. डोक्यावरची शाल तिने पाण्यात फेकली आणि वल्हं मारायला घेतलं. पहिला फटका प्रेमराजला, दुसरा त्याच्या अंगठ्याला, तिसरा हळदीच्या मांडवाला. जलपर्णी फाटली. चौथा, पाचवा, सहावा कुणाला ते तिने मोजलं नाही, खानदान मोठं होतं. काठावरून चुडामण पाण्यात घुसला, त्याच्यामागे प्रेमराज बुटांसकट. पण पहिली पोचली ती सुलक्षणाच.

मुक्ता फळीच्या मधोमध गुडघ्यांवर बसली होती. दोन्ही हातांनी कडा धरलेल्या, नजर समोर. ती रडत नव्हती.

“मम्मी, हळू,” ती म्हणाली. “धक्का नको देऊ. हलायचं नसतं.”

“तू इथे कशी आलीस?”

“पप्पा म्हणाले, आम्ही बोलतोय ना, जा त्या फळीवर गुपचूप बस. मी बसले.” मग तिने वर पाहिलं. “मम्मी, तू उभी राहिली.”

सुलक्षणाने खाली पाहिलं. तिचे दोन्ही पाय फळीवर सरळ रोवलेले होते. कधी उठली ते तिला आठवेना.

काठावर प्रमिलाबाई गालांवर हात ठेवून उभ्या होत्या. नात दहा हातांवर तरंगत होती, ते त्यांच्या लक्षात आलं असावं, पण आधी तोंडून निघालं ते दुसरंच. “जेठनं नाव लिधं व तू. भर तलावात.”

त्यांच्या हातातल्या फोनमध्ये आबा खाकरले. दत्तकाचं सगळं त्यांना लख्ख आठवलं होतं. चुडामणचा आजा ज्या घरात गेला ते घर एक पिढी खाली होतं. “जेठ कशाना? पुतन्या लागस तो तिना. लेऊ दे नाव.”

कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या चुडामणने एवढा मोठा श्वास सोडला की पाण्यावर तरंग उठले. जेठ ठरल्यापासून पहिल्यांदाच त्याने सुलक्षणाच्या तोंडाकडे बघितलं. “काकू,” तो म्हणाला, “फळी मी वर ओढून ठेवायला पाहिजे होती. चूक माझी आहे.” आणि कुणी काही म्हणायच्या आत त्याने मुक्ताच्या फळीची दोरी धरून तिला काठाला आणलं. पाया पडायलाही तो वाकला होता. सुलक्षणाने त्याला तिथेच थांबवलं. तिच्या हातात अजून वल्हं होतं.

परतीच्या वाटेवर गाडीत प्रेमराजच्या बुटांतून पाणी वाजत होतं. मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला की बघ, तूच परीक्षा ठेवली होतीस, आम्ही नापास, आता मान्य करतो. तेव्हा चाळीसगावला आजच कळवून टाकू. पुढच्या वर्षी बघता येईल. त्याच्या आवाजात थोडी सुटकाही होती, आणि नेमकी तीच सुलक्षणाला ऐकू आली.

“मी उद्या रुजू होतेय,” ती म्हणाली.

“अगं, आणि मुक्ता?”

“काठावर सगळ्यांसमोर सांगितलं होतं, कसं बसायचं ते. चौघांनी ऐकलं. एकीने लक्षात ठेवलं.” ती खिडकीबाहेर बघत होती. “मुक्ताची मला काळजी राहिलेली नाही. तुमची आहे.”

मग ती मुलीकडे वळली. जॅकेट अजून तिच्या अंगातच होतं.

“मुक्ता, मी उद्यापासून कॉलेजला जाणार. दिवसभर पप्पांकडे आणि आजीकडे लक्ष ठेवायचं. जमेल तुला?”

मुक्ताने पुढच्या दोन डोक्यांकडे नीट पाहिलं. एकदा पप्पांच्या, मग आजीच्या. नाक पुसून तिने विचार केला.

“पप्पा जमतील,” ती म्हणाली. “आजी ऐकत नाही.”