एकच मान वळेल असं नाव

"असं नाव शोधून देतो, की भर रस्त्यात हाक मारली तर एकच मान वळेल!"

पेंटरकाकांनी फोनवर मुलीला हे सांगितलं, तेव्हा त्यांनी छातीवर हात ठेवला होता. छाती फोनमधून दिसत नाही, ही गोष्ट बायकोनं हळूच लक्षात आणून दिली. काकांनी तिकडे काणाडोळा केला. आजोबा होऊन त्यांना जेमतेम एक दिवस झाला होता. अशा माणसाला कोण अडवणार?

मुलीचं मागणं साधं होतं. तिचं स्वतःचं नाव ती जन्मली त्या वर्षी इतकं चलनात होतं, की शाळेत वर्ग त्याच नावानं भरलेला. एक होती 'उंच', एक 'चष्मेवाली', एक 'गाणारी'. आणि ही? ही 'ती दुसरी'! कॉलेजात गेली तिथेही 'ती दुसरी'. लग्नानंतर पाहिलं, तर थोरल्या जावेचंही नाव तेच. सासरीसुद्धा 'ती दुसरी'!

"बाबा, माझ्या मुलीचं असं व्हायला नको," ती म्हणाली होती. आवाज जरा ओला होता. "बाकी काही आणू नका. फक्त एक नाव आणा."

बाळ थोडं लवकर आलं होतं, त्यामुळे मायलेकींना काही दिवस दवाखान्यातच राहायचं होतं. काकांच्या हाताशी वेळ होता. त्यांनी खूप नावं आठवली आणि मोडीत काढली. गल्लीतल्या सगळ्या पाट्या त्यांनीच रंगवलेल्या, त्यामुळे बहुतेक नावं कुठल्या ना कुठल्या दुकानावर बसलेलीच होती. मग एका सकाळी ते चहा घेत बसले असताना, दाराच्या फटीतून उन्हाची एक बारीक रेघ आत आली आणि थेट त्यांच्या बशीत पडली.

"तिरीप!" काका ओरडले.

"कुठं सांडलं?" बायको फडकं घेऊन धावत आली.

"सांडलं नाही, सापडलं! तिरीप! उन्हाची तिरीप! आई मला उठवायची ती याच शब्दानं. 'तिरीप पिठाच्या डब्यावर आली, ऊठ!' घरात घड्याळ कुठं होतं तेव्हा? तिरीप हेच घड्याळ. ती डब्यावर आली की उठायचं, उंबऱ्यावर गेली की कामाला लागायचं."

बायकोनं फडकं खांद्यावर टाकलं. नावं ठेवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण या नावाला ठेवायला तिला नाव सापडेना. "चांगलं आहे हो," ती म्हणाली. लग्नानंतर इतकी थोर स्तुती तिनं पहिल्यांदाच केली होती.

मुलगी तर ऐकून दवाखान्याच्या खाटेवर उठूनच बसली. "बाबा! काय शोधलंत! पण शपथ घ्या, नाव ठेवेपर्यंत कोणाला सांगायचं नाही. कोणीतरी उचलून नेईल."

"माझ्या तोंडातून अवाक्षर जाणार नाही!" काका म्हणाले.

आणि खरंच, तोंडातून गेलं नाही. गेलं ते हातातून.

काकांची कामाची एक रीत होती. शब्द कागदावर कितीही गोजिरा दिसो, रस्त्याच्या पलीकडून पाहिल्याशिवाय त्यांचा त्याच्यावर विश्वास बसत नसे. म्हणून त्यांनी दुकानात एक कोरी पाटी घेतली, निळ्या जमिनीवर पिवळ्या अक्षरांत 'तिरीप' काढलं, वेलांटीला असा झोक दिला की वेलांटी नव्हे, उडी मारणारी मासोळी वाटावी! मग पाटी दाराबाहेर टांगली, रस्ता ओलांडला आणि डोळे भरून पाहत उभे राहिले.

तेवढ्यात बाजूला इस्त्रीवाला येऊन उभा राहिला.

"पेंटरकाका, नाव झकास आहे. अर्थ काय?"

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणूस गप्प बसेल? काकांनी अर्थ सांगितला, आई सांगितली, पिठाचा डबा सांगितला. इस्त्रीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, माझ्या टेबलावर रोज सकाळी येते ती! आजवर तिचं नाव माहीत नव्हतं. हीच पाटी द्या मला!"

"ही... ही नमुन्याची आहे."

"मग नमुन्यावरूनच तर गिऱ्हाईक निवडतं! तुम्हीच सांगता ना, बाहेर टांगलेलं काहीही निवडा म्हणून?"

ते खरंच होतं. का देत नाही, हे सांगावं तर शपथ मोडते. संध्याकाळपर्यंत 'तिरीप लाँड्री' झाली!

काकांनी स्वतःची समजूत घातली, की एका लाँड्रीनं काय होतंय? पण इस्त्रीवाला शर्टाबरोबर शब्दाचा अर्थही घडी घालून घरोघर पोचवत होता. दुसऱ्याच दिवशी सलूनवाला हजर. "काका, माझ्या आरशावर रोज तिरीप पडते, गिऱ्हाईक डोळे मिटतं. तीच वेळ असते कात्री चालवायची! नाव मलाच शोभतं." त्याच्यामागून सायकलवाला आला. त्याचं म्हणणं, चाक फिरवलं की तारांमधून शंभर तिरिपी निघतात. लाँड्रीला तर एकच मिळते.

काकांचं काळीज एकीकडून फाटत होतं आणि दुसरीकडून फुगत होतं. आयुष्यभर गिऱ्हाइकांनी त्यांना एकच प्रश्न विचारला होता, "थोडं कमी करा ना?" आता लोक अक्षरांसमोर उभं राहून "वा!" म्हणत होते. आणि काकांच्या ब्रशला वाईट काढताच येत नव्हतं. प्रत्येक 'तिरीप' आधीच्या 'तिरीप'पेक्षा देखणी!

शेवटी आल्या दातांच्या डॉक्टरीणबाई. आता मात्र काकांनी ठरवलं, नावाची बदनामी करायची.

"बाई, अर्थ काही खास नाही हो. तिरीप म्हणजे... ज्यात हवेतली धूळ दिसते ना, ती! घाण दाखवते नुसती!"

बाईंनी टाळीच वाजवली. "न दिसणारी घाण दाखवते! अहो, मी दुसरं काय करते? अंधाऱ्या तोंडात तिरीप टाकते आणि कीड दाखवते! कधी देता पाटी?"

"अहो, नातीचं नाव गल्लीभर वाटून टाकलंत!" बायको कडाडली. "घरी आल्यावर लेकीला काय सांगणार आहात?"

काकांनी जेवण अर्धं टाकलं. एवढं एकच नाव मागितलं होतं पोरीनं.

मायलेकींना आणायच्या दिवशी काका जावयाच्या गाडीत पुढे बसले. "मागच्या रस्त्यानं घ्या."

"मागे खोदून ठेवलंय, बाबा."

गाडी गल्लीत वळली. "उन्हानं त्रास होईल, डोळे मीट!" काका मुलीला म्हणाले. "बाळाचे मिटलेलेच आहेत," ती म्हणाली. "मग तू तरी उजवीकडे बघ! ती भिंत बघ, काय सुंदर भिंत आहे!" भिंतीच्या वर दातांचा दवाखाना होता. त्यावर हातभर अक्षरांत 'तिरीप', आणि शेजारी हसणारी दाढ.

मुलगी पाहत राहिली. लाँड्री. सलून. सायकलचं दुकान. पाट्यांमागून पाट्या.

"बाबा... हे सगळं तुम्ही काढलंत?"

"हो," काका चाचरत म्हणाले. "मीच."

"तिच्या स्वागताला? अख्खी गल्ली?" जावईबापूंनी गाडी थांबवली आणि सासऱ्यांकडे असं पाहिलं, जणू देऊळच बघताहेत. काकांना जमीन दुभंगेल तर बरं, असं झालं.

घरी पोचल्यावर त्यांनी सगळं सांगून टाकलं. "दुसरं नाव शोधतो गं. हे मी वाया घालवलं."

मुलीनं बाळाला मांडीवर घेतलं. मग विचारलं, "माणूस आहे का या नावाचं कुणी?"

"नाही. नुसती दुकानं."

"मग हेच नाव!" ती हसली. "दुकानं काही वर्गात येऊन बसत नाहीत. आणि कुठल्या मुलीची अख्खी गल्ली इतक्या सुंदर अक्षरांत लिहिलेली असते?"

काकांनी निःश्वास सोडला. एवढ्यात जावईबापू खाकरले.

"अगं, पण ते वॉर्डातलं..."

"कसलं वॉर्डातलं?" काका म्हणाले.

मुलगी बाळाचं टोपडं नीट करू लागली. ते आधीच नीट होतं. "काही नाही हो. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी विचारलं, म्हणून सांगितलं. अर्थ इतका छान आहे, तर सांगायचा नाही का? मग खिडकीजवळच्या बाईंनी ऐकलं. मग नर्सबाईंच्या भाचीला..."

"म्हणजे?"

"म्हणजे... आम्ही चौघी तिरिपीवाल्या एकदमच घरी सुटलो."

बायको पोट धरून हसली. "तुमचीच लेक, कुठं जाईल!"

काका दुकानात गेले आणि पाळण्यासाठी एक इवलीशी पाटी रंगवू लागले. निळी जमीन, पिवळी अक्षरं, मासोळीसारखी वेलांटी. साऱ्या गल्लीत अशी 'तिरीप' झाली नव्हती! आणि आमची ती अस्सल, हे जगाला कळावं म्हणून त्यांनी खाली बारीक अक्षरांत एक ओळ जोडली: 'आमची कुठेही शाखा नाही.'

संध्याकाळी इस्त्रीवाला बाळाला बघायला आला. बाळ झोपलेलं. तो पाळण्यावरची पाटी वाचत राहिला, वाचत राहिला, आणि त्याचे डोळे पुन्हा भरून आले.

"पेंटरकाका," तो म्हणाला, "ती खालची ओळ काय सुंदर आहे हो! माझ्याही पाटीवर टाका ना!"