रोक्काफ्रेद्दा नगरपालिकेची सहज बोलण्याची परीक्षा

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी रोक्काफ्रेद्दा नगरपालिकेच्या सभागृहात ओर्नेल्ला तार्क्वीनी सहजतेच्या विषयात नापास झाल्या. सहजता अंगी बाणवावी लागते, आणि अंगी बाणलेली कोणतीही गोष्ट कुणीतरी तपासून शिक्का मारल्याखेरीज खरी मानता येत नाही, हे तत्त्व इटलीत सर्वमान्य आहे.

ओर्नेल्लाबाई अकरा वर्षे पर्यटकांच्या खिडकीत बसत. येणाऱ्या इंग्रजांना त्या वाट दाखवत, दवाखाना शोधून देत; एकदा तर एका जोडप्याचे भांडणही त्यांनी मिटवले होते. यांपैकी कशाचीही लेखी नोंद नसल्याने त्यांना इंग्रजी येते असे म्हणायला आधार नव्हता. म्हणून नगरपालिकेने ठराव केला: खिडकीत बसणाऱ्याकडे सहज बोलक्या इंग्रजीचे प्रमाणपत्र हवे, नसेल त्याची बदली दफनभूमीच्या नोंदणी कक्षात. (तिथे भाषेची अडचण येत नाही.)

वर्ग घ्यायला प्राध्यापक सेत्तीमिओ ब्रागाल्ली लाभले. त्यांनी तीस वर्षे लॅटिन शिकवले होते, त्यामुळे जिच्यात कुणी उलट उत्तर देत नाही अशा भाषेचा त्यांना दांडगा अनुभव होता. इंग्रज माणूस बोलताना अडखळतो, हे त्यांचे मूळ निरीक्षण. अडखळण्याचे त्यांनी नऊ प्रकार पाडले, प्रत्येकाची जागा ठरवली आणि सगळे पाठ करून घेतले. मिनिटाला चारदा अडखळला तो उत्तीर्ण. सहादा अडखळला त्याला विशेष प्रावीण्य. हसायचे एकदाच, तिसऱ्या वाक्यानंतर. हात टेबलावर. उत्स्फूर्त संभाषणाच्या तीन प्रती, मुद्रांक लावून, दहा दिवस आधी दाखल कराव्यात.

शेजारच्या खिडकीतल्या देसिदेरिओ पोंपिलीने आपली उत्स्फूर्तता मुदतीच्या दोन दिवस आधीच दाखल केली.

"तू पण पाठ कर ना गं," तो म्हणाला. "मी रोज बायकोसमोर अडखळतो. ती म्हणते, लग्नाआधीही असाच होतास."

"अरे, पण मध्येच कुणी काही विचारलं तर?"

"परीक्षेत कोण विचारतंय?"

मंगळवारी देसिदेरिओने तीसपैकी तीस गुण मिळवले आणि तो पुढच्या बाकावर जाऊन बसला. ओर्नेल्लाबाईंनी हवामानापासून सुरुवात केली. त्या दुसऱ्यांदा अडखळत होत्या, तेवढ्यात दार उघडून एक घामाघूम इंग्रज आत आला. परीक्षेमुळे खिडक्या बंद होत्या आणि त्याची बायको चर्चच्या पायऱ्यांवर पाय मुरगळून बसली होती. दारापासून देसिदेरिओ जवळ होता. देसिदेरिओने त्याला हवामान सांगितले, सहा ठिकाणी अडखळून.

मग इंग्रज ओर्नेल्लाबाईंकडे वळला. त्यांनी दोन्ही हात टेबलावरून उचलले, चार प्रश्न विचारले, फोन करून गाडी बोलावली आणि बजावले, "पायाखाली उशी ठेवा. आणि बाईंना म्हणावं, चूक पायऱ्यांचीच आहे." इंग्रज मोठ्याने हसला आणि धावत गेला. एकूण तीन मिनिटे.

"सिन्योरा," प्राध्यापक हळहळून म्हणाले, "यातलं एक अक्षर तरी तुम्ही दाखल केलेल्या प्रतीत आहे का?"

"सर, त्याची बायको पडली होती हो."

"ते समजलं. पण हसू तिसऱ्या वाक्यानंतर हवं होतं. आणि तुम्ही हसायचं होतं, त्यानं नाही."

अहवालात ओर्नेल्लाबाईंना सहजतेसाठी शून्य गुण आहेत. इंग्रजाने अर्ज न करता भाग घेतला असला तरी सौजन्य म्हणून त्याचेही मूल्यमापन झाले: तीसपैकी अकरा. (शब्दांची शेपटे खातो, अडखळतो, पण भलत्याच जागी.) पुढच्या वर्गाचे माहितीपत्रक त्याच्या हॉटेलवर पोचते केले आहे.

ओर्नेल्लाबाईंनी अपील केले. निकालापर्यंत बदली स्थगित, खिडकी बंद. प्राध्यापक स्वतः पक्षकार, आणि इंग्लंडातली माणसे अकरा गुणांची. तेव्हा तटस्थ परीक्षक अशा ठिकाणाहून मागवायचे ठरले, जिथे माणसे समोरच्याचे इंग्रजी समजण्याआधी त्यातली चूक ऐकतात आणि घरातल्या पोराने मातृभाषेत पाणी मागितले तर पाहुण्यांसमोर ओशाळतात. तीन जागांसाठी काल संध्याकाळपर्यंत चारशे बारा अर्ज आले असून, त्यांतले एकशे सत्त्याण्णव एकट्या पुण्याचे आहेत. अर्जदारांची नावे गुप्त ठेवली आहेत. ओर्नेल्लाबाईंनी फक्त एवढेच विचारले आहे, की तुम्ही कधी येताय.