बावीसचा भाव

खांबेटेकाकांनी माझ्या सासूबाईंची काठी आधी रिस्ट्रिक्टेड ठरवली आणि पाच मिनिटांनी माफी मागून सोडून दिली.

सासूबाई व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आल्या होत्या. काठी घडीची होती, विमानात बरी पडते म्हणून घेतलेली. काका चहाला आले, काठीची घडी घातली, खिशातून मोजपट्टी काढली आणि म्हणाले, "तेहतीस सेंटिमीटर. घडी घातल्यावर सहासष्टच्या खाली जाते. रिस्ट्रिक्टेड." मग त्यांना शंका आली. घडी घातलेली काठी वापरता येते की नाही, हा खरा मुद्दा होता. म्हणून ते हॉलच्या मधोमध ओणवे होऊन तिच्यावर टेकून बघू लागले. सासूबाईंना वाटलं, यांना चमक भरली. "टेकता येत नाही," काका वर येत म्हणाले. "मग नॉन-रिस्ट्रिक्टेड. माफ करा हं आजी." हे कोण ठरवतं, असं सासूबाईंनी विचारलं, तर म्हणाले, "कॅनडा सरकार."

हा नियम काठ्यांचा नसून बंदुकांचा आहे, हे मला कळायला चार महिने आणि एक पाटली लागली.

आम्ही आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो. बाहेरून व्हिला आहे, आतून पाच कुटुंबांसाठी पाच तुकडे केलेले आहेत. अंगण एकच. खांबेटेकाका आणि काकू तळमजल्यावर, आम्ही वर. काका मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत तीस वर्षं कस्टम्सचं काम बघतात. बंदरात आलेली वस्तू कुठल्या कलमात बसते, हे ठरवायचं काम. आलेला पंप हा पंप आहे की पंपाचा सुटा भाग, यावर त्यांनी एकदा अकरा दिवस पत्रव्यवहार केला आणि जिंकले. "आधी वर्ग ठरवा, मग भाव विचारा," हे त्यांचं आवडतं वाक्य. वांगी घेतानासुद्धा ते दुकानातल्या मल्याळी माणसाला आधी विचारतात, ये भरनेका है या भरतेका. तो बिचारा रोज 'दोनों' म्हणतो आणि रोज काका नाराज होतात.

आता पाटल्यांचं. दर रविवारी संध्याकाळी सहा वाजता काका फोन कानाला लावून अंगणात उभ्या असलेल्या गाड्यांभोवती फेऱ्या मारतात. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी अंगणावर उघडते. मुद्दाम ऐकायची मला सवय नाही, पण ऐकू येतं त्याला मी काय करणार?

"बावीस आत्ता घेऊ नकोस," काका सांगत होते. "नवीन माल यायचाय. आला की भाव उतरेल. थोडं थांब."

या देशात राहणाऱ्या कुठल्याही मराठी बाईला विचारा, बावीस म्हणजे काय. बावीस म्हणजे बावीस कॅरेट. खांबेटेंची मुक्ता अठ्ठावीस वर्षांची, लग्नाची, नोकरीसाठी कॅनडात. बापाला सोन्याची काळजी असणारच, शिवाय माणूस कस्टम्समधला. मी त्याच आठवड्यात बर दुबईला मीना बाजारात पाटल्या बघून ठेवल्या होत्या. दुकानदाराला सांगितलं, थांबते. पुढच्या रविवारी काका पुन्हा म्हणाले, थांब. मी पुन्हा थांबले. आमच्या मजल्यावरच्या दोघी शेजारणींनाही मी थांबवलं. चार महिने आम्ही तिघी थांबलो आणि चार महिने सोनं वर चढत गेलं. शेवटी नवरा म्हणाला, तेवढ्या दिरहममध्ये आता एकच पाटली येईल, आणि त्याने ते रुपयांत करूनही सांगितलं.

मी तडक खाली गेले. काका टीव्हीसमोर बसले होते.

"काका, तुमच्या बावीसपायी माझी एक पाटली गेली."

"कुठली पाटली?" काकांनी विचारलं. मग त्यांना उलगडा झाला. त्यांनी उठून दार लावलं, खिडकी लावली, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अगं, मी रायफलबद्दल बोलतो. अंगणात उभं राहून असले शब्द मोठ्याने बोलायचे का? परका देश आहे. म्हणून नुसतं बावीस म्हणतो."

पॉइंट टू टू. बारीक गोळीची, कागदावरच्या टार्गेटवर नेम धरायची रायफल. गोळीच्या बुडाला मध्यभागी नाही, कडेला ठोका बसला की ती उडते, म्हणून तिला रिमफायर म्हणतात. हे सगळं काकांनी मला पाटलीबद्दल एक शब्दही न बोलता समजावलं. कॅनडात बंदुकांचे तीन वर्ग. नॉन-रिस्ट्रिक्टेड म्हणजे लायसन्स काढा, कुलपात ठेवा. रिस्ट्रिक्टेड म्हणजे जादा परवानगी, आणि बाहेर काढायची ती ठरलेल्या जागीच. प्रोहिबिटेडचं नाव काढायचं नाही. काकांनी आमचा अख्खा व्हिला या तीन वर्गांत वाटून टाकला होता. माझा नवरा रिस्ट्रिक्टेडमध्ये आहे, कारण तो राजकारणावर बोलतो. काकूंची बहीण प्रोहिबिटेड.

एक गोष्ट सांगताना मात्र त्यांचा चेहरा खरोखर उतरला. काही बावीसच्या रायफली बाहेरून एखाद्या बदनाम लष्करी बंदुकीसारख्या दिसतात, म्हणून तिथे बंद आहेत. आतलं यंत्र साधंच. "नुसत्या चेहऱ्यावरून गं," काका म्हणाले. युरोपातून येणारी एक साध्या लाकडी दस्त्याची त्यांच्या मनात भरली होती. साडेसहाशे कॅनेडियन डॉलर, म्हणजे साडेसतराशे दिरहम, म्हणजे रुपयांत चाळीस हजारांच्या वर. आयात थांबली की भाव वाढणार, नवीन खेप आली की उतरणार. हे सगळं हा माणूस रोज बघत होता.

काकांनी स्वतः आयुष्यात पाच गोळ्या झाडल्यात. कॉलेजात, एन.सी.सी.त, कोल्हापूरला. चार नेमावर लागल्या आणि पाचवी शेजारच्या कॅडेटच्या टार्गेटवर. बक्षीस त्या कॅडेटला मिळालं.

मग हा उद्योग कशाला, ते काकूंनी सांगितलं. मुक्ता कॅनडाला निघाली तेव्हा काका विमानतळावर गेले नव्हते. ऑफिसात काम आहे म्हणाले, आणि सुट्टीचा शनिवार होता. त्यानंतर आठ महिने बापलेक बोलले नाहीत. मग एक दिवस तिचा मेसेज आला. ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर रेंजवर गेले होते, बाबा, एन.सी.सी.त तुम्ही चालवलेली पॉइंट टू टूच होती ना? मी कुठली घेऊ?

काकांनी त्याच दिवशी नऊ पानांचं उत्तर पाठवलं. त्याला आता दोन वर्षं झाली होती. उत्तर अजून चालू होतं.

"काकू तिच्याशी रोज बोलतात," मी म्हटलं. "तुम्हीही बोला की सरळ. कशी आहेस, कधी येतेस, असं."

"मधोमध विषय काढला की ती फोन ठेवते," काका म्हणाले. "आणि मला नीट काढताही येत नाही. कडेकडेनेच बोलावं लागतं." मग मोजपट्टी उघडत आणि मिटत म्हणाले, "तिची रायफल एकदा घेऊन झाली, की खलास. रविवारी काय बोलणार?"

माझा राग तिथेच विरघळला. पाटलीचं दुःख राहिलं, ते वेगळं.

डिसेंबरात मुक्ता पंधरा दिवस आली. बापलेक जेवायच्या टेबलावर रायफलींच्या दोन याद्या पसरून बसायचे. काका विचारायचे, वर्ग कोणता? ती म्हणायची, नॉन-रिस्ट्रिक्टेड, बाबा, आय चेक्ड. मग काका पुन्हा तपासायचे. निघायच्या आदल्या दिवशी ती डबा परत द्यायला वर आली आणि स्वयंपाकघरात घुटमळली.

"वैशालीमावशी, एक सांगू? बाबांना प्लीज कळू देऊ नका. ती रायफल आय बॉट इट दॅट फर्स्ट विंटर. बाबांनी नऊ पानांत पहिली लिहिली होती, तीच."

"मग अजून भाव काय विचारतेस?"

"मग ते फोन कशाला करतील?" ती म्हणाली, आणि डबा पुसलेला होता तरी पुन्हा पुसायला लागली.

यावेळी काका विमानतळावर गेले. काकूंनी सांगितलं, सामानाची ट्रॉली त्यांनीच ढकलली, आणि वाटेत फक्त बॅगांच्या वजनाबद्दल बोलले.

मला गुपित पेलत नाही, हे आमच्या व्हिलात सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या शनिवारी काका अंगणात गाडी पुसत होते. मी एवढंच म्हटलं, काका, आता घेऊन टाकू द्या ना तिला.

काकांनी फडकं बॉनेटवर ठेवलं आणि मोबाईलवरचा एक फोटो उघडून दाखवला. मुक्ताने मागच्याच्या मागच्या दिवाळीत पाठवलेला. तिची खोली, पणती, सोफा, आणि सोफ्याच्या मागे भिंतीला टेकलेली एक लांब, अरुंद पेटी.

"सोफ्याच्या मापावरून हिशेब केला," काका म्हणाले. "पेटी एकशे बारा सेंटिमीटर. आत साधारण शंभराची वस्तू असणार. पेटीला कुलूप आहे, बघ. नियमाप्रमाणे. चांगली घेतलीय पोरीने."

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"ती विचारतेय ना अजून," काका म्हणाले. "विचारतेय तोवर सांगायचं." आणि त्यांनी फडकं पिळून पुढचा दरवाजा पुसायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता मी खिडकीशी कोथिंबीर निवडत होते. या वेळी मुद्दाम ऐकत होते, खोटं कशाला बोलू? काका गाड्यांभोवती फिरत होते. पलीकडून तिने नेहमीचंच विचारलं असावं, कारण ते थांबले, आणि जणू सगळा बाजार त्यांच्याच हातात असल्यासारखे गंभीरपणे म्हणाले, "नाही गं बाळा, आत्ता नको घेऊस. घाई काय आहे? पुढच्या रविवारी बघू."